पावान किती लयीत वाजवायची? जुनं ल्यूट-संगीत आणि नृत्यांची गती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटारवरून ल्यूटकडे वळलेले विद्यार्थी, जुनी युरोपीय नृत्यं शिकायला येणारी मंडळी आणि फक्त ऐकणारे रसिक मला बरंच काही विचारतात. नखं ठेवू का, तारा कुठल्या लावू, टॅब (टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते दाखवणारी लिपी) कसं वाचू. पण बोलता बोलता गाडी शेवटी एकाच स्टेशनवर येते: हे नेमकं किती लयीत वाजवायचं? त्यामुळे या पानावर लयीला जास्त जागा दिली आहे आणि बाकीचं थोडक्यात आवरलं आहे. माझं मत आधीच सांगतो. नृत्याची लय नावावरून ठरत नाही, ती पावलांवरून ठरते. ज्याने ती पावलं स्वतः टाकून पाहिली नाहीत त्याचा अंदाज हमखास चुकतो. माझाही चुकला होता, तो प्रसंग पुढे येईलच.

ल्यूट म्हणजे नेमकं कुठलं वाद्य?

अरबी ऊदचं युरोपात वाढलेलं भावंड. पाठ पातळ लाकडी पट्ट्यांची, कापलेल्या पेअरसारखी गोल. तबलीत जाळीदार कोरलेलं फूल, खुंट्यांचा भाग मागे मोडल्यासारखा वळलेला. तारा जोडीजोडीने असतात, फक्त सगळ्यात वरची बहुधा एकटी. सोळाव्या शतकातल्या नेहमीच्या ल्यूटला अशा सहा जोड्या. पुढे खर्जाच्या तारा वाढत गेल्या आणि अठराव्या शतकातल्या जर्मन ल्यूटवर त्या तेरापर्यंत पोचल्या. पडदे सतारीसारखे पितळी नसतात. मानेभोवती तातीचा (जनावराच्या आतड्यापासून केलेला) दोरा गुंडाळून गाठ मारलेली असते, म्हणून ते सरकवता येतात.

पंधराव्या शतकात ल्यूट पिसाच्या काडीने वाजवत आणि एका वेळी बहुधा एकच स्वरओळ वाजे. फेरारा दरबारचा पिएत्रोबोनो याच कामासाठी नावाजलेला होता. शेजारी एक साथीदार लांब स्वरांची आधाराची ओळ धरायचा आणि हा तिच्यावर उत्स्फूर्त वाजवायचा. नृत्याची साथही अशीच चाले, म्हणून त्या काळचं ल्यूटचं नृत्यसंगीत कागदावर फारसं उरलं नाही. शतक संपता संपता काडी सुटली, बोटं आली आणि एकाच वाद्यावर दोन-तीन ओळी वाजू लागल्या. १५०७मध्ये व्हेनिसच्या पेत्रुचीने ल्यूटचं पहिलं पुस्तक छापलं, ते याच नव्या पद्धतीचं.

टॅब्लेचरमध्ये लय लिहिलेली असते ना? मग अडचण कुठे आहे?

टॅबमध्ये लिहिलेलं असतं ते स्वरांचं आपसातलं प्रमाण. वरच्या छोट्या झेंड्यांवरून एवढंच कळतं की हा स्वर त्याच्या दुप्पट, तो याच्या निम्मा. आपल्याकडे बोल लिहिताना खाली मात्रा लिहितात तसंच हे आहे. त्या मात्रा विलंबित लयीत घ्यायच्या की द्रुत, ते कागद सांगत नाही.

त्यात आधुनिक छापील आवृत्त्या भर घालतात. संपादक मूळ स्वरमूल्यं निम्मी किंवा पाव करून छापतो, बारच्या (ठोक्यांच्या घरांच्या) रेघा आपल्या सोयीने घालतो. मग एकच तुकडा एका पुस्तकात पांढऱ्या लांब स्वरांत दिसतो आणि दुसऱ्यात काळ्या, जोडलेल्या छोट्या स्वरांत. विद्यार्थी पहिला हळू वाजवतो, दुसरा जलद, आणि दोन्ही वेळा तो वाजवत असतो संपादकाची निवड. शक्य असेल तेव्हा मूळ पानाचं छायाचित्र बघा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कितीतरी पोथ्या ग्रंथालयांनी मोफत खुल्या केल्या आहेत.

एवढी काळजी घ्या: इटालियन टॅबमध्ये आकडे असतात आणि सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात खर्जाची जोडी. फ्रेंच टॅबमध्ये अक्षरं असतात आणि वरची रेघ म्हणजे सगळ्यात तार सप्तकातली तार. हे उलटसुलट झालं तर लय सोडाच, सूरही ओळखू येणार नाहीत.

पावान किती लयीत वाजवायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. एका आकड्यात उत्तर मागाल तर मी देणार नाही, कारण पावान, म्हणजे जोडीजोडीने मिरवणुकीसारखं चालत नाचायचं हे जुनं युरोपीय नृत्य, दीडशेहून जास्त वर्षं जगली आणि जगताना बदलली.

छापलेल्या सर्वांत जुन्या पावान सापडतात जोआन आंब्रोझिओ दाल्झा या इटालियन ल्यूटवादकाच्या १५०८च्या पुस्तकात. १५३६मध्ये व्हॅलेन्सियाच्या लुईस मिलानने विव्हेला या ल्यूटच्या स्पॅनिश भावंडासाठी ‘एल माएस्त्रो’ छापलं. त्याने तुकड्यांच्या आधी लय शब्दांत सांगितली आहे, आणि छापील संगीतात हे पहिल्यांदा करणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या सहा पावानसाठी त्याने ‘किंचित जलद ठोका’ सुचवला आहे. आज त्याच पावान शोकगीतासारख्या संथ ऐकू येतात, ते ऐकून मला हळहळ वाटते. त्याने स्वतः लिहून ठेवलेलं आहे हो!

साठ वर्षांनी, १५९७मध्ये, लंडनचा संगीतकार टॉमस मॉर्ली पावानला धीरगंभीर नाचाचं संगीत म्हणतो. १६७६मध्ये केंब्रिजचा ल्यूटवादक टॉमस मेस तिला अतिशय गंभीर आणि विद्वत्तापूर्ण ठरवतो, आणि आजच्या उथळ दिवसांत ती फारशी कुणी वाजवत नाही म्हणून हळहळतो. म्हणजे ‘किंचित जलद’पासून ‘अतिशय गंभीर’पर्यंतची ही वाटचाल, आणि शेवटी तर ती नाचायची राहिलीच नव्हती.

पावलांचं वर्णन मिळतं ‘ऑर्केसोग्राफी’ या पुस्तकात. फ्रान्समधल्या लांग्र इथे ते १५८९च्या सुमारास छापलं गेलं. लेखक झां ताबुरो हा चर्चचा अधिकारी. त्याने आपल्या नावातली अक्षरं फिरवून ‘त्वानो आर्बो’ हे टोपणनाव घेतलं. पुस्तक गुरुशिष्य संवादाच्या रूपात आहे, आपल्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. पावानची पावलं अशी: डावा पाय पुढे, उजवा त्याला जुळवा. उजवा पुढे, डावा जुळवा. मग डावा, उजवा, डावा अशी तीन पावलं आणि शेवटी उजवा जुळवा. एकूण आठ ठोके. पुढच्या खेपेला हेच उजव्या पायाने. सोबत ढोल अखंड चालू, एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड.

आता माझा प्रसंग. एका छोट्या कार्यशाळेत मी पहिल्यांदाच नाचणाऱ्यांसाठी पावान वाजवली. घरी मेट्रोनोमवर (मिनिटाला ठरावीक ठोके देणाऱ्या यंत्रावर) चाळीसच्या आसपास घोटलेली होती आणि तिचा विषाद मला फार आवडायचा. चार जोड्या उभ्या होत्या. दुसऱ्याच पावलाला सगळ्या डुलायला लागल्या, एका पायावर उभं राहून दुसऱ्या ठोक्याची वाट बघत. मागच्या जोडीतल्या एक काकू म्हणाल्या, “अहो, दुसरा पाय टेकवू का आता?” त्या क्षणी मला जे कळलं ते दहा पुस्तकांतून कळलं नव्हतं. ठोका साठच्या वर नेला आणि पाठी ताठ झाल्या, पायघोळ कपडे लयीत हलू लागले. मिरवणूक चालायला लागली.

नाचण्यासाठी वाजवत असाल तर मिनिटाला ५६ ते ७२ पावलं, हा माझा पट्टा. हॉल मोठा असेल आणि कपडे जड असतील तर खालच्या टोकाला राहा. आर्बो असंही नोंदवतो की वादक कधीकधी हीच पावान हलक्या, जलद ठोक्यात वाजवतात आणि तिला पासामेझो म्हणतात. तेव्हा त्या काळीसुद्धा एकच लय नव्हती.

डाउलंडची ‘लाक्रिमे’ पण याच लयीत?

नाही. इंग्रज ल्यूटवादक जॉन डाउलंडची ‘लाक्रिमे’ पावान घडली ती ऐकण्यासाठी. तिला नाचाच्या सभ्य मर्यादेपेक्षा थोडं संथ जायची मुभा आहे. पण दोन बाजूंनी कुंपण आहे.

एक कुंपण ल्यूटच्या आवाजाचं. तार छेडल्यावर स्वर लगेच विरायला लागतो. लय फार उतरवली की पुढचा स्वर येईपर्यंत मागचा संपलेला असतो आणि ओळीऐवजी सुटे थेंब ऐकू येतात. गायकाला किंवा व्हायोल या गजाने वाजवायच्या वाद्याला जी लय झेपते ती ल्यूटला झेपतेच असं नाही.

दुसरं कुंपण छोट्या स्वरांचं. इंग्रजी पावानमध्ये प्रत्येक भाग एकदा साधा येतो, मग पुन्हा डिव्हिजनसह, म्हणजे मूळ स्वरांमधल्या जागा बारीक स्वरांनी भरत. विद्यार्थी साधा भाग बघून लय पकडतो आणि पुनरावृत्तीत बोटं अडकली की लय सोडतो. नेमकं उलटं करा. तुकड्यातली सर्वांत दाट ओळ आधी शोधा, ती स्पष्ट आणि गाता येईल अशी वाजेपर्यंत लय उतरवा, आणि तीच लय घेऊन पहिल्या स्वराला या. दाट ओळ तुम्हाला धावपळीची वाटत असेल तर लय जास्त आहे. साधी ओळ तुटत असेल तर कमी आहे. या दोहोंमधली जागा बहुतेक वेळा अरुंदच असते.

गॅलियार्ड जलद असते ना?

पावानपेक्षा चपळ असते, पण आज वाजवतात तितकी जलद नव्हे. माझ्या मते जुन्या नृत्यसंगीतात सगळ्यात जास्त अन्याय गॅलियार्डवरच होतो.

गॅलियार्डचं घर सहा ठोक्यांचं आणि त्यात पाच हालचाली. पहिल्या चार ठोक्यांना पाय पुढे झटकत चार लहान उड्या, पाचव्याला मोठी उडी, सहाव्याला एक पाय मागे ठेवून डौलात उतरणं. म्हणजे पाचव्या ठोक्याच्या वेळी माणूस हवेत असतो, आणि हवेतल्या माणसाला मेट्रोनोम घाई करू शकत नाही. हिशोब करून बघा. शरीर दहा सेंटिमीटर उचललं तर हवेत जाणारा वेळ साधारण ०.२९ सेकंद, वीस सेंटिमीटरला ०.४०, तीसला ०.४९. त्याआधी गुडघे वाकवायला आणि नंतर सावरायलाही क्षण लागतो. मिनिटाला १०० ठोके धरले तर एका ठोक्याला ०.६ सेकंद मिळतात आणि दिमाखदार उडी नीट बसते. १६० धरले तर उरतात जेमतेम ०.३८ सेकंद. मग उडीची नुसती उसळी होते.

आर्बो हेच त्याच्या शब्दांत सांगतो. तूर्दियों नावाचं नृत्य याच पावलांचं, पण जमिनीलगत, म्हणून हलकं आणि जलद. गॅलियार्ड उंच, म्हणून तिचा ठोका सावकाश आणि वजनदार. पुढे तो म्हणतो की उंच माणसासाठी गॅलियार्ड बुटक्या माणसापेक्षा हळू वाजवावी, कारण त्याच्या पायांना जास्त वेळ लागतो. वादकाने समोरच्या माणसाची उंची बघून लय धरावी, हे छापून ठेवलंय १५८९च्या सुमारास! आपल्या ढोलकीवाल्याला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. त्याची नजर नाचणारीच्या पायांवरून हलत नसते.

वाजवताना पाचव्या ठोक्याला स्वर थोडा मोकळा सोडा, अंगठ्याने दाबून वाजवू नका. सहाव्यावर ती व्यक्ती जमिनीवर येणार आहे, तिथे आधार द्या. लय न बदलता नुसत्या एवढ्याने गॅलियार्ड उचलली जाते.

दाल्झाच्या पुस्तकात पावानमागे साल्तारेल्लो आणि पिव्हा येतात. त्यांची लय कशी जोडायची?

दाल्झा स्वतः सांगतो की सगळ्या पावानना त्यांचे त्यांचे साल्तारेल्लो आणि पिव्हा आहेत. म्हणजे ही तिन्ही नृत्यं मिळून एक गुच्छ, आणि गुच्छाची चाल वाढत्या लयीची.

वाढ किती, याचा एक आराखडा अर्धशतक आधीच्या इटालियन नृत्यगुरूंकडे मिळतो. दोमेनिको दा पियाचेंझा आणि त्याचे शिष्य अंतोनियो कोर्नात्सानो व गुल्येल्मो एब्रेओ हे पंधराव्या शतकाच्या मध्यावर लिहीत होते. त्यांच्याकडे चार मापं होती. सर्वांत संथ बासादांझा, तिला ते मापांची राणी मानत. मग क्वातर्नारिया तिच्यापेक्षा एक षष्ठांश जलद, साल्तारेल्लो दोन षष्ठांश, पिव्हा तीन षष्ठांश. बासादांझाच्या एका घराला तीन सेकंद लागत असतील तर बाकीच्यांना अनुक्रमे अडीच, दोन आणि दीड. ठाय-दुगुणीवर वाढलेल्या आपल्या कानाला हे प्रमाण चटकन उमजतं. पिव्हा म्हणजे बासादांझाची दुगुणच.

ही प्रमाणं जशीच्या तशी दाल्झाला लावायची का? मी लावत नाही. पावान हे नवं नृत्य होतं, ते जुन्या चौकटीत बसवायला कुणी सांगितलेलं नाही. पण त्यातलं तत्त्व घेतो: तिन्ही लयी एकमेकींतून निघाल्या पाहिजेत. पावानचा ठोका मनात चालू ठेवा, तेवढ्याच वेळात साल्तारेल्लोचे तीन छोटे ठोके भरा आणि न थांबता आत शिरा. पिव्हाला पुन्हा तसाच एक दाब वाढवा. मध्ये थांबून, पान उलटून नवी लय मोजायला लागलात तर गुच्छ विस्कटतो.

ल्यूटवरची ही सगळी नृत्यं खरोखर नाचली जात होती का?

बरीचशी नाही. ल्यूटचा आवाज लहान. मोठ्या दालनात, शंभर पायांच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार? तिथे शॉम आणि सॅकबटसारखी मोठ्या आवाजाची फुंकवाद्यं असत. ल्यूट नाचासाठी वाजायचं ते लहान खोलीत, नृत्यशिक्षकाच्या शिकवणीत, किंवा मिश्र वाद्यमेळात. मॉर्लीने १५९९मध्ये अशा मेळासाठी पुस्तक काढलं, त्यात ल्यूटबरोबर पँडोरा आणि सिटर्न ही तारांची वाद्यं, बासरी आणि दोन व्हायोल आहेत.

तुकडा कुठल्या जातीचा, ते त्याच्या अंगावरून ओळखता येतं. भाग आठ किंवा सोळा ठोक्यांचे समान, चाल साधी, ठोका उघड: नाचता येईल. भाग वेडेवाकडे लांबलेले, ओळी एकमेकींत गुंतलेल्या: ऐकायचा आहे. मधले तुकडेही भरपूर आहेत आणि तिथे वादकाने आपलं मन लावावं.

नृत्याच्या जुन्या पुस्तकांत ल्यूटचं टॅब असतं, हे खरं का?

खरं, आणि हा खजिना ल्यूटवादकांनी फार कमी उघडला आहे. फाब्रित्सिओ कारोझोचं ‘इल बाल्लारिनो’ (व्हेनिस, १५८१), त्याचंच ‘नोबिल्ता दि दामे’ (१६००) आणि चेझारे नेग्रीचं ‘ले ग्रात्सिए दामोरे’ (मिलान, १६०२) या तिन्हींत पावलांच्या वर्णनाबरोबर ल्यूटचं इटालियन टॅब छापलेलं आहे. कुठला भाग किती वेळा वाजवायचा, तेही सांगितलेलं असतं. एकाच नृत्यात संथ प्रवेश, मग तीच चाल तीन ठोक्यांत बदलून गॅलियार्ड, मग साल्तारेल्लो, कधी शेवटी कनारिओ हे नृत्य. सूर तेच, ठेका बदललेला. हे टॅब अगदी सोपं असतं, म्हणून मैफलीचे वादक त्याकडे बघत नाहीत. पण लय शिकायला यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही, कारण एकाच पानावर हात आणि पाय दोन्ही आहेत.

मेट्रोनोम नव्हता तेव्हा लय मोजत कशी?

नाडीवर. मिलानचा फ्रांकिनो गाफुरिओ १४९६मध्ये लिहितो की एक सेमीब्रेव्ह (त्या काळचं एक स्वरमूल्य) म्हणजे शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीचा एक ठोका. अडीचशे वर्षांनी, १७५२मध्ये, बर्लिनचा बासरीवादक क्वांट्झही नाडीच धरतो आणि ती मिनिटाला ८० सांगतो.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. १६१९मध्ये जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरिउसने तासाला ६४० ब्रेव्ह (हे सेमीब्रेव्हपेक्षा लांब स्वरमूल्य) असा हिशोब दिला, म्हणजे एका ब्रेव्हला साडेपाच सेकंदांहून थोडं जास्त. पण तो दिला होता चर्चमधलं संगीत किती वेळ चालेल हे आधी कळावं म्हणून. नृत्यांना तो आकडा चिकटवू नका. आणि १६३६-३७मध्ये फ्रेंच विद्वान मेर्सेनने पॅरिसमध्ये लोलकाचा हिशोब संगीताला जोडला. इथे एक गंमत सांगायलाच हवी. लोलकाच्या नियमाकडे जगाचं लक्ष वेधणारा गॅलिलिओ हा ल्यूटवादकाचा मुलगा. वडील विन्चेन्झो गॅलिली यांचं ‘फ्रोनिमो’ (१५६८) हे ल्यूटवादनावरचं महत्त्वाचं पुस्तक.

लोलक घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. दोऱ्याला जड नट बांधा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत ९९ सेंटिमीटर ठेवले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद: पावानचा ठोका. ३६ सेंटिमीटर ठेवले तर मिनिटाला १००: गॅलियार्ड. मेट्रोनोमची टिकटिक कानात टोचते. नट मात्र प्रत्येक टोकाला क्षणभर थबकतो आणि मग पडतो, अगदी पाऊल टाकणाऱ्या माणसासारखा. मुलांना लय शिकवताना मी हाच वापरतो.

सारबांद संथ की जलद?

कुठली सारबांद ते सांगा. स्पेनमध्ये ती इतकी उच्छृंखल मानली गेली की १५८३मध्ये तिच्यावर बंदी आली. १६७६मध्ये इंग्लंडचा मेस तिला कुरांत या नृत्यापेक्षाही हलकी, खेळकर म्हणतो. त्याच काळात फ्रान्समध्ये ती संथ आणि भारदस्त झालेली होती. क्वांट्झ तिला प्रत्येक क्रॉचेटला (हेही एक स्वरमूल्य) एक नाडी देतो, म्हणजे मिनिटाला ८०. देश आणि दशक बघितल्याशिवाय नाव वाचून लय धरायची नाही, याचं सारबांदहून मोठं उदाहरण नाही.

मिन्युएट?

क्वांट्झच्या हिशोबाने दोन क्रॉचेटना एक नाडी, म्हणजे क्रॉचेट १६०, मिनिटाला साधारण ५३ बार. आज ऐकू येतं त्यापेक्षा बरंच जलद. मिन्युएटचं एक पाऊल दोन बारांचं असतं, सहा क्रॉचेटमध्ये चार पावलं. म्हणून वादकाने ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ असं न ठोकता दोन बारांचा एक श्वास धरावा. फ्रेंच गायक लाफिलारने १७०५मध्ये लोलकाचे आकडेही दिले. ते शब्दशः घेतले तर काही नृत्यं इतकी जलद होतात की लोलकाची एक झुलक मोजायची की जाऊन-येऊन दोन, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. जर्मन ल्यूटवादक सिल्व्हिउस लिओपोल्ड वाइसच्या ल्यूट-सोनाटांमधल्या मिन्युएट बघितल्या तर खर्जाच्या लांब तारांना उमटायला वेळ लागतो. तिथे मी क्वांट्झच्या आकड्यापेक्षा थोडं खालीच राहतो.

ठोक्याशिवाय लिहिलेल्या फ्रेंच प्रील्यूडची लय कशी धरायची?

धरायची नसते. ख्यालाआधीच्या आलापीसारखं समजा: स्वरांचं वजन सांभाळायचं, मात्रा नाही. पण नंतर येणारं आल्मांद हे नृत्य नीट ठोक्यात आलं पाहिजे, तरच त्या मोकळेपणाची गोडी कळते.

नखं ठेवू का? अंगठा कुठे?

बहुतेक जुने गुरू बोटाच्या मांसल टोकाने वाजवायला सांगतात. बोलोन्याचा पिच्चिनीनी (१६२३) मात्र नखं वापरायचा, त्यामुळे नखवाल्यांनी खजील व्हायचं कारण नाही. करंगळी तबलीवर टेकवायची. सोळाव्या शतकातल्या संगीतासाठी अंगठा तळव्याच्या आतल्या बाजूने, पुढच्यासाठी बाहेर. डाउलंडने स्वतः हयातीत ही पद्धत बदलली होती.

याचा लयीशी संबंध आहे. अंगठा खाली, तर्जनी वर, असा जड-हलका फटका जुन्या टॅबमध्ये लिहिलेला असतो: तर्जनीच्या स्वराखाली टिंब. नृत्याचा डौल या जोडीतच आहे. सगळे स्वर सारखे केलेत तर लय कितीही अचूक असली तरी पाय हलत नाहीत.

तातीच्या तारा लावू की कृत्रिम?

मुंबई-कोकणात राहत असाल तर कृत्रिम. जून ते सप्टेंबर तात हवेतलं पाणी पिऊन फुगते, खुंट्या जाम होतात आणि तासाभरात सूर उतरतो. ओलाव्याचा जाच इंग्लंडमध्येही होता. मेस सांगतो की ल्यूट दिवसा रोज वापरातल्या अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवावं, म्हणजे दमट हवा लागत नाही. मी पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, काम होतं. पडदे मात्र तातीचेच बांधा, त्यांचा स्पर्श वेगळा. गाठीचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन किंचित जाळायचं, म्हणजे तिथे बोंड तयार होतं आणि गाठ सुटत नाही.

व्हेनिसमधली १५१७च्या सुमाराची कापिरोला पोथी आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. तिच्यात सल्ला आहे की तारा पडद्यांना जवळजवळ टेकतील इतक्या जवळ ठेवाव्यात, म्हणजे हार्पसारखा आवाज येतो. त्या काळचे हार्प किंचित झणझणायचे. हे वाचलं तेव्हा मला तंबोऱ्याची जवारीच आठवली. अशा जवारीदार तारेचा स्वर जास्त वेळ भरलेला वाटतो, आणि मग संथ पावानही तुटत नाही. लयीचा निर्णय असा कधीकधी पडद्याच्या जाडीपर्यंत जाऊन पोचतो.

माझ्याकडे ल्यूट नाही, गिटार आहे. चालेल?

चालेल. तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवा आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा. सहा जोड्यांच्या ल्यूटची नेहमीची जुळणी तयार. आता टॅब थेट वाचता येईल.

सुरुवात कुठून करू?

दाल्झाची ‘पावाना आला फेर्रारेझे’ घ्या. आधी वाद्य बाजूला ठेवा आणि वर दिलेली आठ ठोक्यांची पावलं घरातल्या पॅसेजमध्ये तोंडाने मोजत टाका, पाच-सहा फेऱ्या. मग घरातल्या कुणाला तरी चालायला सांगा आणि तुम्ही वाजवा, नजर कागदावर नाही, त्यांच्या पायांवर. ते डुलले तर लय वाढवा, धापा टाकू लागले तर उतरवा. ही लय बसली की साल्तारेल्लो जोडा. पिव्हा दुसऱ्या आठवड्यात, कारण तिच्यात तर्जनी थकते.